टोपी बसवताना

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या आतली दारू, तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी आणि बुडाशी दाबून बसवलेली टोपी. या टोपीला आता सगळे प्रायमरच म्हणतात. मोठ्या मापाची टोपी सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, लहान मापाची साडेचारच्या. पातळ धातूची एक वाटी, तिच्यात चिमूटभरही भरणार नाही इतका स्फोटक लेप, आणि लेपावर दोन-तीन पायांचा धातूचा एक बारीक तुकडा. त्या तुकड्याला ऐरण म्हणतात. चाप ओढला की बंदुकीतली सुई टोपीच्या पाठीवर आदळते. लेप ऐरणीवर चिरडला जातो. ठिणगी उडते, पुंगळीच्या तळातल्या भोकातून आत शिरते आणि दारू पेटते. गोळी सुटते ती त्यानंतर.

नाव गोळीचं होतं. काम टोपीपासून सुरू होतं.

अमेरिकेत पुष्कळ लोक झाडलेल्या पुंगळ्या टाकून देत नाहीत. गोळा करून घरी आणतात, साफ करतात, जुनी टोपी काढतात, साच्यातून दाबून पुंगळी पुन्हा मापात आणतात. मग नवी टोपी बसवायची, मोजून दारू ओतायची, वर गोळी बसवायची. कुणी पैसे वाचावेत म्हणून हे करतो, कुणी नेम सुधारावा म्हणून. दुकानातलं काडतूस त्या मापाच्या कुठल्याही बंदुकीत चालावं असं केलेलं असतं. घरचं काडतूस एकाच बंदुकीचा स्वभाव ओळखून केलेलं असतं.

आपल्याकडे असा छंद नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. आपल्या राज्यात हे काम म्हटलं की खडकीचा कारखाना आठवतो. तो १८६९ पासूनचा. घरातल्या टेबलावर कुणी काडतुसं भरत बसलंय, हे दृश्य आपल्या डोळ्यांच्या सवयीचं नाही. मी स्वतः एकही काडतूस भरलेलं नाही, आणि भरणारही नाही. पण दुसऱ्याचं काम बघत बसण्यात एक निराळं सुख असतं. तिथे आपल्याला काही सिद्ध करायचं नसतं.

माझी लेक विस्कॉन्सिनमध्ये राहते. तिच्या शेजारचे गृहस्थ निवृत्त आहेत. सकाळी लवकर उठतात, कॉफीचा मग घेऊन गॅरेजमध्ये जातात आणि कामाला लागतात. मलाही पहाटे झोप येत नाही. त्यांनी एकदा हाक मारून बोलावलं, तेव्हापासून मी तिकडे असलो की त्यांच्या गॅरेजमधली एक खुर्ची माझी असते. आमचं बोलणं थोडं. त्यांचे हात चालू असतात आणि मी बघत असतो.

त्यांच्याकडे टोपी बसवायची दोन अवजारं आहेत. एक तळहातात मावणारं. त्यावर झाकणाची चपटी तबकडी, तबकडीत टोप्या, टोकाशी पुंगळीची कड अडकवायची खाच आणि अंगठ्याखाली छोटी दांडी. पुंगळी खाचेत सरकवायची, अंगठा दाबायचा, टोपी खालून वर येऊन बसते. दुसरं अवजार टेबलाला बोल्टनं आवळलेलं. त्याची दांडी लांब, आणि टोप्या एका उभ्या नळीतून एकेक खाली येतात. काम तेच.

मग दोन कशाला? मी विचारलं. हा प्रश्न तिथे या छंदातल्या माणसांत फार जुना आहे असं दिसलं, कारण ते हसले आणि उत्तर द्यायच्या ऐवजी हातातलं अवजार त्यांनी माझ्यापुढे धरलं. त्यात टोपी नव्हती. रिकामीच दांडी दाबून पाहा म्हणाले.

रिकाम्या दांडीतून काय कळणार? पण त्यानंतर त्यांनी स्वतः टोपी बसवताना काय होतं ते सांगितलं, आणि ते ऐकून मी सावध होऊन बघू लागलो. टोपी पुंगळीच्या बुडातल्या खोबणीत शिरते तेव्हा आधी नुसती घासते. विरोध सारखा असतो, थोडासा. मग एकदम थांबते. ऐरणीचे पाय खोबणीच्या तळाला टेकलेले असतात. तिथून अगदी किंचित आणखी दाबायचं, म्हणजे ऐरण लेपावर घट्ट रुतून बसते. त्याच्यापुढे जायचं नाही. नीट बसलेल्या टोपीची पाठ पुंगळीच्या बुडापेक्षा जराशी आत असते. इंचाचे दोन ते पाच हजारांश, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीइतकी.

एवढ्या अंतरावर सगळं अवलंबून. टोपी वर राहिली तर सुईचा पहिला तडाखा तिला तळापर्यंत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि बार उडत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये वर राहिलेली टोपी मागच्या पत्र्याला घासते, चक्र अडकतं. आपोआप भरणाऱ्या रायफलीत तर आणखी वाईट होऊ शकतं. काडतूस नळीत ढकलून मागची बाजू बंद करणारा लोखंडी तुकडा, म्हणजे बंदुकीचा बोल्ट, पुढे झेपावताना टोपीवर आपटतो, आणि तो नीट बंद व्हायच्या आतच काडतूस उडू शकतं. उलट टोपी फार दाबली तर लेप चिरडतो आणि मग तिचा भरवसा राहत नाही.

आणि यातलं काहीच दिसत नाही. टोपी आत जाताना तिची फक्त पाठ आपल्याकडे असते. तळ लागला की नाही, हे डोळ्याला कळायचा मार्ग नाही.

ही गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस रेंगाळली. कारण आग पेटवण्याचा जुना प्रकार अगदी उघड्यावरचा होता. गारगोटीच्या बंदुकीत नळीच्या कडेला एक लहान वाटी असे. तिच्यात थोडी दारू. गारगोटी पोलादावर घासली की वाटीतली दारू भडकायची, आणि तिथून आग नळीत जायची. बार उडायच्या आधी शिकाऱ्याच्या नाकासमोर एक झगमगाट व्हायचा. स्कॉटलंडमध्ये बेलहेल्वी नावाच्या गावी अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. पण वाटीतला उजेड दिसताच पाणपक्षी उडायचे आणि गोळी पोचायची तेव्हा तिथे पाणीच असायचं. फोर्सिथ रसायनांशी खेळणारे गृहस्थ होते. नुसत्या ठोक्यानं पेटणारी द्रव्यं तेव्हा ठाऊक झाली होती. ती वापरून त्यांनी आग बंद जागेत पेटवायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. टोपी पुढे त्यातूनच आली.

रविवारी प्रवचन देणाऱ्या माणसानं पक्ष्यांचा शेवटचा इशारा काढून घेतला, हे मला जरा खटकतं. पण तो भाग सोडा. मला वाटतं ते असं, की त्या दिवसापासून उजेड आत गेला आणि डोळ्यांचं काम बोटांकडे आलं.

कोकणात अजून कुठे कुठे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक असते. तिच्यात दारू आणि छरे नळीच्या तोंडातून गजानं ठासायचे, आणि शेवटी मागच्या बोंडीवर केप चढवायची. ती केप म्हणजे हीच टोपी, जुन्या रूपातली. ती बोटांनीच बसवतात. तिथे अवजाराचा प्रश्नच नाही. अंगठा आणि तर्जनी हेच अवजार.

टोपी पुंगळीच्या बुडात गेली आणि मग तिला बसवायला काहीतरी लागायला लागलं. त्यातही दोन घराणी झाली. १८६०च्या दशकात अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी एक रचना केली, इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांनी दुसरी. बर्डनच्या रचनेत ऐरण पुंगळीच्या खोबणीतच असते, आणि ठिणगी जायला तिच्या बाजूंना बहुधा दोन बारीक भोकं. बॉक्सरच्या रचनेत ऐरण टोपीत, आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक. त्या एका भोकातून वरून काडी सारली की जुनी टोपी बाहेर पडते. म्हणून बॉक्सरची पुंगळी घरी भरायला सोपी. गंमत अशी की अमेरिकन माणसाची रचना युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. शेजाऱ्यांचा सकाळचा सगळा उद्योग त्या एका मधल्या भोकावर उभा आहे.

आधी सगळं हातातच होतं. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात बायसनच्या मागे गेलेले शिकारी मुक्कामावर बसून आपली काडतुसं पुन्हा भरत. दुकान शेकडो मैल लांब. पुढे १८८४ साली कनेटिकटमध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल नावाची कंपनी काढली. तिचं चिमट्यासारखं एकच अवजार खिशात टाकलं की पुष्कळसं काम भागायचं. पुंगळी साच्यात दाबायचे, बेंचला बसवायचे भक्कम प्रेस घराघरांत रुळले ते नंतर, विसाव्या शतकात. प्रेस आला तेव्हा टोपीही त्याच्यावरच बसवू लागले. वेगळं अवजार कशाला, असं वाटलं असणार.

पण मग काही लोक टोपीपुरते पुन्हा हाताकडे वळले. का?

याचं कारण दांडीत आहे. प्रेस केलेला असतो पितळेची पुंगळी साच्यात दाबून तिचा आकार बदलायला. त्याला मोठं बळ लागतं, म्हणून त्याची दांडी लांब आणि जोड असे की माणसाचं थोडं बळ कितीतरी पटींनी वाढावं. दांडी बळ वाढवते. पण त्याच हिशेबानं पलीकडचा विरोधही तितक्या पटींनी बारीक होऊन हातापर्यंत येतो. टोपी घासली, टेकली, रुतली, हे सगळं घडतं. पण दांडीच्या टोकाशी त्याची नुसती कुजबुज पोचते. अंगठ्याखालच्या छोट्या दांडीत बळ कमी वाढतं. म्हणून कळतं जास्त.

बळ वाढलं की कळणं कमी होतं. हे लोखंडाच्या दांडीबद्दल आहे. तुम्ही कुठवर न्यायचं ते तुम्ही बघा.

शेजाऱ्यांना अंगठ्यातून आणखी एक गोष्ट कळायची. पुंगळी पुन्हा पुन्हा झाडली की तिच्या बुडाची खोबण हळूहळू सैलावते. टोपी नेहमीपेक्षा सहज आत गेली, घासलीच नाही, तर ती पुंगळी म्हातारी झाली. ते ती बाजूला काढायचे. वरून ती बाकीच्यांसारखीच चकचकीत. लष्करी पुंगळ्यांचं उलटं असतं. त्यांत टोपी सुटू नये म्हणून खोबणीची कड दाबून आत वळवलेली असते. ती कड आधी काढावी लागते. राहून गेली तर टोपी अडते, आणि अडलेल्या टोपीवर जोर करायचा नसतो. टोपी म्हणजे ठोक्यानं उडणारी वस्तू, हे विसरून चालत नाही. म्हणूनच चांगल्या हातातल्या अवजारांत तबकडी आणि बसणारी टोपी यांच्यामध्ये एक पडदा असतो, आणि बेंचवरच्या अवजारात टोप्यांच्या नळीभोवती दुसरी जाड नळी. एक टोपी चुकून उडालीच तर तिनं बाकीच्यांना सोबत नेऊ नये.

इथपर्यंत ऐकलं की हाताच्या बाजूनं कौल द्यावासा वाटतो. आपल्याला तो द्यायची सवयच आहे. हातानं केलेलं ते जिवंत, यंत्रानं केलेलं ते निर्जीव, असा एक सोवळा समज आपण वर्षानुवर्षं जपलेला आहे. मलाही तो प्रिय होता. पण त्या गॅरेजमध्ये दोन गोष्टी दिसल्या आणि तो जरा सैल झाला.

पहिली गोष्ट टीव्हीची. हातातल्या अवजाराचं मोठं कौतुक असं सांगतात की ते कुठेही नेता येतं. हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या गॅरेजात बोटं गारठतात. तेव्हा पुंगळ्यांचा डबा मांडीवर घ्यायचा आणि दिवाणखान्यात सोफ्यावर बसून टोप्या बसवायच्या. समोर टीव्हीवर पॅकर्स या तिथल्या फुटबॉल संघाचा सामना चालू. या छंदातले पुष्कळ लोक असंच करतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. म्हणजे बघा. ज्या अवजारातून सगळ्यात जास्त कळतं, तेच अवजार घेऊन माणूस अशा जागी बसतो जिथे त्याचं लक्षच नसतं. अंगठा सांगत असतो आणि ऐकायला घरी कुणी नसतं. बेंचवरच्या अवजारापाशी मात्र जावं लागतं. दिवा लावावा लागतो, खुर्ची ओढावी लागते, चष्मा चढवावा लागतो. ते जागचं हलत नाही, म्हणून माणसाला त्याच्यापाशी बसावं लागतं. त्यातून कमी कळतं, पण जे कळतं ते ऐकलं जातं.

कुठलं जास्त, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शंभरातलं साठ ऐकणं, की साठातलं साठ?

दुसरी गोष्ट त्यांच्या अंगठ्याची. वयानं सांधा सुजला. पन्नासेक टोप्यांनंतर ठणका लागायचा. दुखरा अंगठा लवकर थांबतो. टोपी टेकली असं त्याला वाटतं, आणि ती टेकलेली नसते. म्हणून त्यांनी टेबलाचं अवजार घेतलं. सुरुवातीचे काही आठवडे, ते सांगत, हाताला काहीच लागत नव्हतं, बहिऱ्यासारखं वाटायचं. मग हळूहळू लागायला लागलं. अंगठ्याला जे कळायचं ते आता कोपराला कळतं, म्हणाले. त्यांनी कोपर दोनदा मागेपुढे करून दाखवलं. एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. जाणीव अंगठ्यात राहते असं आपण धरून चालतो. तिचं घर तिथेच, असं. पण ती भाडेकरू निघाली. एक जागा सोडावी लागली तर दुसरी बघते, थोडे दिवस कुरकुरते, मग तिथे राहू लागते. वय झालेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, हे मी लपवत नाही.

टेबलावरचं अवजार आणि प्रेस यांतही फरक आहे, तो इथे सांगायला हवा. फक्त टोपीसाठी केलेल्या अवजाराची दांडी प्रेसइतकं बळ वाढवत नाही. ते अंगठा आणि प्रेस यांच्या मधलं. शिवाय काही महागड्या अवजारांत टोपी किती आत जावी ते आधीच ठरवून ठेवता येतं, इंचाच्या हजारांशाच्या हिशेबानं. मग दांडी खालपर्यंत ओढायची, बस. शंभर वेळा ओढली तरी तितकीच आत. हातातलं अवजार काही डझन डॉलरांत मिळतं. ही असली अवजारं कित्येक शे डॉलरांना जातात. शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या एकाच भोकातून जाव्यात म्हणून झटणारे नेमबाज ती घेतात. त्यांच्यातलेच काही मात्र हातातल्या साध्या अवजारावर अडून बसलेले असतात आणि तितक्याच नेमानं मारतात.

यावरून वाद घालणारे मी तिथे ऐकले. मला तो वाद फार पुढे न्यावासा वाटत नाही. ज्याला सारखेपणा हवा त्याला ठरलेली खोली हवी. पण खोबण्याच सारख्या नसतील तर? ठरलेली खोली प्रत्येक पुंगळीला एकच उत्तर देते. अंगठा प्रत्येक पुंगळीला निराळं विचारतो. ज्याच्या पुंगळ्या एकाच कारखान्याच्या, एकाच खेपेच्या, नीट साफ केलेल्या, त्याला एक उत्तर पुरतं. ज्यानं मैदानावर पडलेल्या दहा जातींच्या पुंगळ्या वेचून आणल्या, त्याला विचारावं लागतं.

टोपीबद्दल आणखी एक कळलं, आणि ते मला सगळ्यात आवडलं. गोळी घरी करता येते. शिसं वितळवून साच्यात ओतली की झाली. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. टोपी मात्र विकत आणावी लागते, आणि ती एकदाच कामाला येते. २०२० सालानंतर अमेरिकेत टोप्यांची मोठी टंचाई झाली. घरात दारू होती, गोळ्या होत्या, पुंगळ्यांची पोती होती. टोपी नव्हती म्हणून सगळं पडून राहिलं. त्या काळात लोक टोप्या फार जपून बसवू लागले, असं शेजारी म्हणाले. टंचाईनं जेवढं लक्ष द्यायला लावलं तेवढं कुठल्याच अवजारानं लावलं नाही.

टोप्या बसवून झाल्या की ते एक शेवटची गोष्ट करतात. अवजार कुठलंही असो. पुंगळ्या भोकांच्या पाटीत उलट्या मांडतात आणि प्रत्येक बुडावरून तर्जनी फिरवतात. टोपी किंचित आत असली तर बोटाला एक सूक्ष्म खोलगा लागतो. वर राहिलेली असली तर बोट अडतं. इंचाचा हजारांश मोजणारं अवजार ज्यांच्याकडे आहे तेही शेवटी हे बोट फिरवतात म्हणे. मला त्याचं नवल वाटत नाही.

नोव्हेंबर आला की तिकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. शेजारी जातात. परत आले की लेकीकडे मांस पाठवू का विचारतात, आणि ती नम्रपणे नको म्हणते. माझं मन हरणाच्या बाजूचं आहे. ते त्यांनाही माहीत आहे. एकदा ते म्हणाले, हरणाच्या दृष्टीनं पाहिलं तरी टोपी नीट बसलेली बरी. बार अर्धवट उडाला तर हरीण जखमी होऊन पळतं आणि रात्रभर मरत राहतं. मी काही बोललो नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि माझं मन तरीही हरणाच्याच बाजूला होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, एवढं या वयात कळलंय.

आपल्याकडच्या नेमबाजांना हा अवजाराचा प्रश्न बहुतेक पडत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या खेळातलं काडतूस पॉइंट टू टू बोअरचं. त्याला वेगळी टोपीच नसते. स्फोटक लेप पुंगळीच्या कडेच्या आतल्या पोकळीत भरलेला असतो आणि सुई कडेवर आदळते. एकदा झाडलं की ती कड चेपते. अशी पुंगळी घरी पुन्हा भरण्यासारखी राहत नाही. त्यामुळे तिथे टोपी कशी बसली हे नेमबाजाच्या हातात नसतं. कारखान्यावर विश्वास ठेवायचा, वेगवेगळ्या खेपांची काडतुसं झाडून आपल्या रायफलीला मानवेल ती खेप निवडायची, आणि बाकी सगळं लक्ष श्वासावर आणि चापावर द्यायचं.

आता कुणाचा भाऊ, भाचा, जावई तिकडे हा छंद करत असेल आणि त्यानं विचारलंच, तर मी काय सांगेन? एका बैठकीत पन्नास-शंभर भरायची असतील, पुंगळ्या मिसळीच्या असतील आणि अंगठा धड असेल, तर हातातलं घे, आणि टीव्ही बंद कर. सांधे दुखत असतील, किंवा काडतुसं शेकड्यांनी भरायची असतील, तर टेबलाचं घे आणि थोडे दिवस धीर धर. दोन्हीकडे डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, टोप्या त्यांच्या मूळ खोक्यातच राहायला हव्यात, काचेच्या बरणीत ओतून ठेवलेल्या चालत नाहीत. आणि टोपी अडली तर जोर करायचा नाही. ती पुंगळी बाजूला ठेवायची आणि दुसरी घ्यायची.